आधी ब्रेक

भावजी,

तुमच्या तेराव्याला आलेल्या माणसांनी तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं. तुमच्या पलटणीतले दोघं आले होते, कारखान्यातले आले होते. शिस्तीचा माणूस, हातात कला होती, कुणाला नाही म्हणायचा नाही, असं जो तो म्हणत होता. मी माझ्या जावेशेजारी, तुमच्या संगीताशेजारी, बसून ऐकत होते. तुम्ही भांडखोर होता हे मात्र कुणी सांगितलं नाही. निदान माझ्याशी तरी होता. आपलं शेवटचं भांडण मिटलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. चार माणसांत हे बोलता येत नाही. आणि तुमच्याशी बोलायची सवय अजून सुटलेली नाही. काल रविवार होता. सकाळी चहाला आधण ठेवताना मी तुमचं पाणी धरून ठेवलं आणि मग तसंच ओतून दिलं.

हे गेले, म्हणजे तुमचे दादा गेले, तेव्हा माझी ईश्वरी सहा वर्षांची होती. माझ्या माहेराहून दोघं मोटारसायकलवरून सांगलीला परत येत होते. ती पुढे टाकीवर बसलेली. दिवेलागणीची वेळ, रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी, तिच्या मागे ना दिवा ना कसली खूण. हे जागेवर गेले. ईश्वरीचं खांद्याचं हाड मोडलं. ते जुळून आलं, पण पोरगी त्यानंतर कुठल्याच गाडीत बसेना. रिक्षा नाही, शाळेची व्हॅन नाही, एसटी नाही. एकदा डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून मी जबरदस्तीने रिक्षात घातलं, तर ओरडून ओरडून काळीनिळी पडली आणि उलटी केली. मग मी तो नादच सोडला. विश्रामबागेत चालत जाता येईल अशा शाळेत तिचं नाव घातलं. माझी कॉलेजच्या ऑफिसातली नोकरी जवळच, तेवढं नशीब. पण माहेर बंद झालं, तुमचं साताऱ्याचं घर बंद झालं, लग्नकार्यं बंद झाली. पायी जाता येईल तेवढंच आमचं जग उरलं.

म्हणून तुम्ही यायचा. दर रविवारी, पहिल्या एसटीने, खांद्याला पलटणीतली ती जुनी पिशवी अडकवून. पिशवीत कधी संगीताने केलेल्या कडाकण्या, कधी शेंगा. जिना चढतानाच खालून हाक मारायचा, "इशू, हायस का गं?" जणू ती कुठे जाणार होती.

असंच एका रविवारी चहा पिताना तुम्ही म्हणालात, "वहिनी, इशूला एक गाडी घेऊया."

"कसली गाडी?"

"तिच्या मापाची. बारकी चारचाकी. पाचगणीला पठारावर पोरं चालवत्यात बघा, जाडजूड चाकांची, तसली. दगडाधोंड्यातनं चालती."

"भावजी, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"आवं वहिनी, पाण्याला भ्यालेल्या पोराला पाणी दावायचंच न्हाई म्हणलं, तर ते पवणार कवा?"

"त्याच पाण्यात बाप बुडाला असेल, तर नाही दाखवायचं."

तुम्ही कप विसळून पालथा घातलात. मला वाटलं, विषय संपला. पंधरा दिवसांनी टेम्पो घेऊन दारात हजर झालात.

गाडी पेट्रोलची होती. वापरलेली, लाल, पुढच्या बंपरला पोचे आलेली. तुम्ही आख्खा दिवस पाचगणीला घालवून, पर्यटकांना गाड्या फिरवायला देणाऱ्या माणसांशी बोलून, पारखून आणली होती. मला खाली बोलावलंत, खूश होऊन दोरी ओढलीत आणि ती फाडफाड सुरू झाली. पार्किंगच्या छताखाली तो आवाज दुप्पट होऊन घुमला. ईश्वरी वर दुसऱ्या मजल्यावर होती. मी धावत गेले, तर तिने मोरीत जाऊन आतून कडी घातलेली. मी दार ठोठावते आहे, आतून नुसता हुंदक्यांचा आवाज. तेव्हा जिन्यात उभं राहून मी तुम्हाला जे बोलले ते तुम्हाला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही.

तुम्ही हात खाली सोडून ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "चुकलं माझं. आवाजाचा इचारच केला न्हाई." तुमचं हे एक होतं. चूक पटली की तिथल्या तिथे कबूल करायचा. नाही पटली तर मात्र कितीही डोकं आपटा.

मग तुम्ही मोरीच्या दारापाशी फरशीवर मांडी घालून बसलात. "इशू, गाडी बंद केली. ही बघ किल्ली, दाराखालनं सरकवतो. तुझ्यापशीच ठेव. किल्लीबिगार ती हालत न्हाई. मी म्हणलो तरी न्हाई, आन तुजी आई म्हणली तरी न्हाई."

किल्ली सरकल्याचा आवाज झाला. मग कडी निघाली. ती बाहेर आली तेव्हा किल्ली तिच्या मुठीत होती आणि संध्याकाळपर्यंत ती मूठ तिने उघडली नाही.

पुढच्या रविवारी तुमच्यासोबत ती पार्किंगमध्ये उतरली. किल्ली मुठीतच. गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर बोट टेकवून बघितलं आणि चढून बसली. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. वर्ष उलटून गेलं होतं, माझं लेकरू चाकं असलेल्या कशावर तरी बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. खाली वाकून उगाच टायर दाबत राहिलात. तुमच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, तो मला दिसला.

पेट्रोलची गाडी परत गेली आणि बॅटरीवरच्या गाडीचा शोध सुरू झाला. तिथेही आपण भांडलो. विश्रामबागेतल्या त्या खेळण्यांच्या दुकानात आपण तिघं चालत गेलो होतो. मला ती जीप आवडली होती. दारं होती, पट्टा होता, पोरगं आत नीट बसतं. तुम्ही बोटाने चाक वाजवून दाखवलंत. "डबडं हाय वहिनी. समदं प्लास्टिक. फरशीवर बरं, मुरमावर नुसतं गरगरतंय. त्यात गाणी कशाला वाजवायची, लगीन हाय का कुणाचं?" दुकानदार हिरमुसला. ईश्वरी मात्र एकेका गाडीपाशी जाऊन त्याला एकच विचारत होती, "काका, ही थांबते कुठून?"

"पाय काढला की आपोआप थांबते बाळा."

"आपोआप म्हणजे कधी?"

तो हसला. मीही हसले. तिला खेळण्याची चौकशी नव्हती करायची, हे आपल्या दोघांपैकी कुणालाच तेव्हा उमगलं नाही.

शेवटी ओळखीतून एक गाडी मिळाली. चार चाकं, बॅटरी, बसायला घोड्यासारखी, हँडल मोटारसायकलसारखं. आली तेव्हा ती गाडी कुणाही पोराची होती. ती ईश्वरीची करायला तुम्हाला कितीतरी रविवार लागले. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर वाटेल, एवढं काय त्यात. पण मी समोर बसून बघत होते. तिचे पाय टेकेनात म्हणून तुम्ही पायटा वर उचलून बसवलात. सीटचा फोम कापून खाली आणलात, म्हणजे वजन खाली राहील आणि उतारावर गाडी कलंडणार नाही. कडक चाकं काढून रबरी टायर घातलेत. वेगाच्या खटक्याखाली एक बोल्ट असा बसवलात की कितीही दाबलं तरी गाडी माणसाच्या चालीपुढे जाणार नाही. पोरगी तयार होईल तसा तो बोल्ट थोडा थोडा मागे घ्यायचा, असा तुमचा बेत होता. हेल्मेटं तर तुम्ही तीन आणून दोन परत केलीत. डोक्यावर चढवायचं आणि तिला सांगायचं, "न्हाई म्हण. जोरात मान हालवून न्हाई म्हण." ती मान हलवायची, हेल्मेट मागून सावकाश फिरायचं. "न्हाई म्हणल्यावर टोपी बी संगं फिरली पायजे. ही मागं ऱ्हाती. परत दिऊन येतो."

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकला गेला. गाडीचा मूळचा ब्रेक तुमच्या मते नुसता नावाला होता. तुम्ही सायकलीचा डिस्क ब्रेक आणून बसवलात. मग तिची बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत पोचेनात. तिचा पंजा पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवून घेतलीत, तो पुठ्ठा साताऱ्याला नेलात आणि दांडी तेवढ्या मापाला वाकवून आणलीत. शिवाय ती लाल दोरी. एक टोक गाडी बंद करायच्या खटक्याला, दुसरं तिच्या कमरेच्या पट्ट्याला. पडली, उतरली, नुसती भिऊन मागे सरकली, तरी खटका निघून गाडी जागच्या जागी बंद.

रंग तुम्ही तुमच्या मनाने दिलात, पलटणीचा हिरवा. ती म्हणाली, "काका, शेवाळासारखी दिसते." तुम्ही ब्रश पुसून ठेवलात. पुढच्या खेपेला जांभळा डबा घेऊन आलात. संगीता फोनवर सांगत होती की नखांतला जांभळा रंग निघाला नाही म्हणून कारखान्यात तुमची चेष्टा झाली.

आणि ते रिमोट. गाडीसोबत आईबापांसाठी आलेलं, लांबून गाडी वळवता-थांबवता येणारं. तुम्हाला ते काढून टाकायचं होतं.

"गाडी तिची हाय तर थांबवायची बी तिनंच."

"आणि तिने नाही थांबवली तर?"

"थांबवंल."

"तुम्हाला माहीत आहे का? मला नाही माहीत. एक माणूस रस्त्यावर गेलं माझं. रिमोट माझ्या हातात राहणार."

तुम्ही मानलंत, पण अर्धंच. वळवण्याच्या आणि पळवण्याच्या तारा कापून टाकल्यात, फक्त थांबवायची ठेवलीत. "घ्या," म्हणालात. "झोपताना बी उशाला घ्या." मला राग आला होता. आता आठवलं की हसू येतं, आणि पुढे हसवत नाही.

आपल्या इमारतीमागे तो मोकळा प्लॉट आहे. बांधकाम होणार म्हणून कुणी मुरमाचे ढीग आणून टाकले आणि बांधकाम झालंच नाही. तिथे तुमची शाळा भरायची. मी विटांच्या चळतीवर रिमोट घेऊन बसायची. पहिले कितीतरी रविवार तुम्ही मोटार चालूच केली नाही. गाडी मागून हाताने ढकलायचा आणि तिने ब्रेक मारायचा. ढकला, ब्रेक. ढकला, ब्रेक. "आधी ब्रेक. चालवायचं काय, कुणीबी चालवतंय." एकदा तिने असा कचकन ब्रेक लावला की मागून तुमच्या दोन्ही नडग्या आपटल्या आणि तुम्ही "आयाया" करत एका पायावर नाचलात. ती हसली. मोठ्याने, तोंड उघडून. त्या पोरीचं हसणं मी विसरून गेले होते, भावजी.

मग तो रविवार आला.

मोटार सुरू करून ती आता सपाट जागेवर फिरायला लागली होती. ढिगापर्यंत जायची, थांबायची, वळायची, परत थांबायची. तुम्ही तिच्याशेजारी चालत होता. ती थांबली तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलंत, "आता सांग, गाडीला का भितीस गं?"

ती म्हणाली, "गाडी थांबत नाही."

"ही थांबती की."

"ही थांबते. पप्पांची थांबली नव्हती." मग हँडलकडे बघत, शाळेतला पाठ म्हणावा तशी ती बोलत गेली. "माझी चप्पल पडली होती रस्त्यात. मी म्हटलं, पप्पा थांबा. पप्पा म्हणाले, राहू दे, घरी दुसरी आहे की. मी परत म्हटलं, थांबा. नाही थांबले. मग ट्रॉली आली."

मी विटांवर बसले होते. दवाखान्यात माझ्या हातात एक पिशवी दिली होती, त्यात तिची एकच चप्पल होती. दुसरी अपघातात कुठेतरी उडाली असेल, असं मी धरून चालले होते.

तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसलात. बराच वेळ मुरमात बोट फिरवत होता. आणि म्हणालात, "बरोबर हाय तुजं. तू थांबा म्हणलीस तवा त्यानं थांबाय पायजे हुतं. दादा चुकला."

ती तुमच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी उठले, कमरेची लाल दोरी सोडवली आणि तिला हाताला धरून घरी घेऊन गेले.

पार्किंगमध्ये गाडी लावायला तुम्ही आलात तेव्हा मी खाली उतरले. मला अजून शब्दन् शब्द आठवतो.

"गेलेल्या माणसावर ढकललंत तुम्ही. तिच्या बापावर. तिच्याजवळ त्यांच्या नावाशिवाय आहे काय? एका चपलेसाठी कोण थांबतं? शंभरातले शंभर बाप हेच म्हणतील, घरी दुसरी आहे."

"म्हंतील. मी बी म्हणलो असतो."

"मग?"

"मग तिला काय सांगू? तुजंच चुकलं? का तू म्हणलीच न्हाईस?"

"सांगायचं की त्यांचा दोष नव्हता. ट्रॉलीवाल्याचा होता."

"हुता. ट्रॉलीवाल्याचा हुता, अंधाराचा हुता. समदं खरं. पर पोरगी दोनदा थांबा म्हणली, ते बी खरं हाय वहिनी. दीड वरीस ती एकटी घिऊन बसली हाय ते. कुनीतरी व्हय म्हणाय नको?"

"व्हय म्हणायला माझा नवराच सापडला तुम्हाला."

"माजा भाऊ हुता त्यो!" तुम्ही ओरडलात. पार्किंग दणाणलं. मग आवाज एकदम खाली आला. "मला काय लागत न्हाई व्हय?"

मी वर निघून आले. पुढचे काही रविवार तुम्ही आला नाहीत. परत आलात तेव्हा आपण बॅटरीबद्दल बोललो, टायरमधल्या हवेबद्दल बोललो, शेंगांच्या भावाबद्दल बोललो. त्या गोष्टीबद्दल पुन्हा कधीच बोललो नाही.

तुम्ही आला नव्हता त्या दिवसांत काय झालं ते आज सांगते. सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, वहिनी हरल्या. म्हणून तेव्हा ओठांवर आलेलं गिळलं. ईश्वरी यांच्याबद्दल बोलायला लागली. तोपर्यंत आमच्या घरात 'पप्पा' हा शब्दच उमटत नव्हता. आता जेवताना मध्येच म्हणायची, "पप्पा पुलावर आलं की मला हॉर्न वाजवू द्यायचे." वेणी घालताना म्हणायची, "पप्पांना शिट्टीत आरती वाजवता यायची, तुला माहीत होतं का आई?" मला माहीत नव्हतं. दहा वर्षांच्या संसारात माझ्यासमोर त्यांनी कधी आरती शिट्टीत वाजवली नव्हती. ती फक्त लेकीसाठी होती. मला त्या दिवसांत माझा नवरा थोडाथोडा परत मिळत होता, भावजी. आणि तरीही तुमचा राग जात नव्हता. दोन्ही एकदमच होतं.

गाडी चालत राहिली. तुम्ही बोल्ट एकेक आटा मागे घेत गेलात. पावसाळ्यानंतर ती मुरमाच्या ढिगावर चढायला लागली. पहिल्यांदा चढली तेव्हा बरोबर मध्यावर, चढावरच, ब्रेक दाबून उभी राहिली. गाडी मागे येते का बघत होती. गाडी हलली नाही. माझा अंगठा रिमोटच्या बटणावर होता. तो दाबायची वेळ आली नाही. तुम्ही खाली हात पसरून उभे होता, झेलायला. वरून ती ओरडली, "काका, धरून ठेवलंय हिनं!" आणि निघून पार पलीकडे उतरली.

पण दुसऱ्या गाडीत बसायचं नावही काढू देत नव्हती. "माझी मी थांबवते. दुसऱ्यांची कोण थांबवणार?" तुम्ही म्हणायचा, "बघू. घाई न्हाई."

तुम्हाला घाई होती, हे आम्हाला कुठे माहीत होतं. छातीत दुखत होतं हे संगीताला माहीत होतं. तिने हजारदा सांगितलं, एकदा दाखवून येऊ. तुम्ही ओवा चावलात, गॅस आहे म्हणालात, कारखान्यात पाळीला गेलात. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, तर सण होऊ दे म्हणालात. आणि रविवारी सांगलीला येऊन गाडी ढकलत राहिलात.

संगीताचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. साताऱ्याच्या दवाखान्यात ठेवलंय, लगेच या, एवढंच बोलू शकली. मी घरी आले, शेजारच्या काकूंना ईश्वरीला ठेवून घ्यायला सांगितलं, पिशवी भरायला लागले. ती दारात उभी होती.

"मी येणार."

"बाळा, मोटारीने जायचंय. लांब आहे. हायवेने."

"माहीत आहे." जाऊन बूट घालून आली. चप्पल नाही, बूट. नाड्या दोनदा आवळल्या.

भाड्याच्या गाडीचं दार उघडून ती जरा वेळ उभी राहिली. मग आत चढली, पट्टा स्वतः ओढून लावला आणि पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाली, "काका, मी थांबा म्हटलं की थांबायचं. लगेच."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "थांबतो की बाळा," तो म्हणाला.

ती पांढरी पडली होती. दोन्ही हातांनी पट्टा धरलेला. गाव संपून मोठा रस्ता लागला तशी म्हणाली, "थांबा." त्याने कडेला घेऊन गाडी थांबवली. ती उतरली नाही, खिडकीतून बाहेर बघितलं, श्वास घेतला. "चला." कराड येईपर्यंत असं तीन-चारदा झालं. मला एकेक क्षण जड होता, तिकडे तुमचं काय चाललंय याची धास्ती होती. पण तो भला माणूस दर वेळी थांबला. का, म्हणून एकदाही विचारलं नाही. कराडच्या पुढे तिला थांबा म्हणावं लागलं नाही.

लहान मुलांना आत सोडत नाहीत. संगीताने नर्सबाईंना काय सांगितलं कोण जाणे, दोन मिनिटांसाठी सोडलं. तुम्ही जागे होता. नळ्या होत्या, तोंडाचा रंग गेला होता. तुम्ही आधी मला बघितलंत, मग माझ्यामागे ती दिसली. तुमचे डोळे मोठे झाले.

"कशानं आलीस गं?"

"मोटारीनं."

"थांबली?"

"थांबली. मी सांगितलं तेव्हा थांबली."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मग तशाच मिटल्या डोळ्यांनी विचारलंत, "पट्टा लावलावतास का?"

"लावलावता."

"लय भारी," म्हणालात. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

तेराव्याला माणसं पांगली, बायका आतल्या खोलीत बसल्या. संगीता तोपर्यंत नीट रडलीच नव्हती. आल्यागेल्याचं करत होती, चहा सांगत होती. तेव्हा मात्र भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "म्या म्हणत हुते, थांबा. एक दिस थांबा, दाखवून यिऊ. ऐकलं न्हाई." तुमच्या चुलतीने तिला लगेच गप्प केलं. "असं बोलू नी बाई. गेलेल्या माणसाला दोष दिऊ नी. त्यांचं तेवढंच हुतं."

संगीताचा चेहरा मी बघितला. तसा चेहरा मी दीड वर्ष माझ्या घरात बघितला होता, आणि मला तो वाचता आला नव्हता.

मी म्हणाले, "बरोबर आहे तुझं, संगीता. तू सांगितलंस तेव्हा थांबायला पाहिजे होतं त्यांनी. भावजी चुकले."

चुलती माझ्याकडे बघतच राहिली. संगीताने माझ्या मांडीत डोकं घातलं आणि ती जी रडली, ती किती वेळ रडली मला सांगता येणार नाही.

यावरून आपलं भांडण मिटलं असं समजू नका. दादा चुकला, हे मला अजूनही म्हणवत नाही. तुम्ही चुकलात, हे मात्र मी म्हणाले, तुमच्याच घरात, तुमच्या माणसांसमोर. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मग त्यो चुकला न्हाई आन मी तेवढा चुकलो व्हय?" मी काय उत्तर दिलं असतं, मला अजून सुचलेलं नाही. तुम्ही हवे होता. पुढच्या रविवारपर्यंत मला काहीतरी सुचलं असतं.

तेरा दिवस साताऱ्यातच राहून आम्ही दोघी एसटीने परतलो. तुमच्याच गाडीने, दर रविवारी ज्या पहिल्या एसटीने तुम्ही सांगलीला यायचा तिनेच. ईश्वरीने खिडकीची जागा घेतली. सुरुवातीला ती पुढच्या दांडीला धरून ताठ बसली होती. बस वाटेतल्या स्टँडवर थांबत होती, माणसं चढत होती, उतरत होती, कंडक्टर घंटी मारत होता. एक म्हातारी आमच्याशेजारी बसली, तिने विचारलं, "कुनाकडं गेलतीस गं बाळ?" ईश्वरी म्हणाली, "माझ्या काकांकडं." म्हातारीने पुढे विचारलं नाही.

कराड मागे पडलं. बाहेर दोन्ही बाजूंना ऊस, तुरे आलेला. तिचा हात दांडीवरून सुटला. मला वाटलं, पर्समधून काही मागते आहे. बघितलं तर तिचं डोकं माझ्या दंडावर आलं होतं. तोंड थोडं उघडं, कपाळावर घाम, केस चिकटलेले. ती झोपली होती, भावजी. धावत्या गाडीत, दिवसाढवळ्या, गाढ झोपली होती. मी हललेही नाही. दंडाला मुंग्या आल्या तरी तशीच बसून राहिले, आणि बस सांगलीच्या दिशेने चालत राहिली.